आतल्या खोलीतली बाळंतीण

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय मनी,

फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र तसं मधेच ठेवता येत नाही. निदान घडी तरी घालावी लागते. म्हणून लिहायला बसले.

आज मी उपासनेत झोपले. डुलकी नव्हे, चांगली झोप. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. पाळकसाहेबांनी विषय घेतला होता जागं राहण्याचा. धनी कधी येईल सांगता येत नाही, दिवे विझू देऊ नका, असं ते कळकळीने सांगत होते आणि त्यांचा आवाज चढेल तशी माझी मान खाली जात होती. शेवटी आजीने कोपराने ढोसलं. मी दचकून मोठ्याने "आमेन" म्हटलं. ते नको तिथे पडलं. मागच्या बाकावरची पोरं खिदळली.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे. जागं राहून राहूनच ही गत झालीय." ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

हॉस्पिटलात काम वाढलंय. माझ्या जोडीची बाई रजेवर गेली ती अजून आलेली नाही, त्यामुळे सगळ्या वॉर्डांच्या चादरी माझ्या एकटीच्या गळ्यात. धुऊन आलेल्या निवडायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या, शिवायच्या, घड्या करून ट्रॉलीवर घालून वर न्यायच्या. अगदीच विरल्या असतील त्यांची दुपटी कापायची. दिवसभर मशीन चालवून घरी आले की भांड्यांचा आवाजसुद्धा मशीनसारखा वाटतो. आजीची तब्येत ठीक. कान आणखी गेलेत, पण सोयीने. हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि तिच्याविषयी काही बोललं तर भिंतीपलीकडून ऐकू येतं.

एक सांगायचं होतं. तुझी आतली खोली मी सध्या एकीला दिली आहे. हॉस्पिटलातून आलेली बाळंतीण आहे, इथे तिचं कुणी नाही. थोडे दिवस राहील. तुझी पुस्तकं आणि नकाशांच्या गुंडाळ्या मी खोक्यांत भरून कपाटावर ठेवल्यात. एकाही नकाशाचा कोपरा दुमडलेला नाही, काळजी करू नकोस.

तिच्याविषयी जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

नाताळला येशील ना? आलीस तर झोपण्याची सोय करू. मागच्या वर्षी आपलं बोलणं जिथे तुटलं तिथून मी पुन्हा सुरू करणार नाही. आजीला बाबांच्या गळ्यात घालून मी तुझ्याकडे राहायला यावं, हे तू माझ्या भल्यासाठीच म्हणत होतीस, ते मला कळतं. पण बाबांचाच ठावठिकाणा नाही, तर आजीला नेऊन घालायचं तरी कुणाच्या दारात?

तब्येतीला जप. वेळेवर जेव.

तुझी आई


बुधवार, १० डिसेंबर

प्रिय मनी,

म्हणजे आजीने सांगितलंच. मला वाटायचं, तिला फोनवर काही ऐकू येत नाही. ऐकू येत नसेल, पण बोलता येतं हे मी विसरले.

"आई, तुला लाज कशी वाटत नाही?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी गप्प राहिले, कारण स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. आता उत्तर देते.

होय, तीच. बाबांच्या छापखान्यात काउंटरवर बसायची ती. तीन वर्षांपूर्वी बाबा जिच्यासाठी घर सोडून गेले आणि जिचा विषय या घरात काढायचा नाही असं तू ठरवलंस, ती. पहिल्या पत्रात मी लपवलं. तू आलीस की समोरासमोर सांगू, असं मनात होतं. ते चुकलं.

झालं ते असं. मी ट्रॉली घेऊन प्रसूतीच्या वॉर्डात गेले होते. सिस्टर म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या खाटेची आज सुट्टी आहे, पण न्यायला कुणी येईना. नवरा दाखल करून गेला तो गेलाच. फोनही बंद." मी तिकडे पाहिलं. तिने मला आधीच ओळखलं होतं. तिने चादर तोंडावर ओढून घेतली. त्या चादरीच्या कोपऱ्याला ठिगळ होतं, मीच लावलेलं.

मी बाकीच्या सगळ्या खाटांच्या चादरी बदलल्या. तिची सोडून. आणि खाली येऊन मशीनवर बसले.

मला दया आली असं लिहिलं, तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं, मने. काही वेळ तर फारच बरं वाटलं. भोग आता, असं. डबा खाल्ला तोही चवीने.

संध्याकाळी सुटले तर ती फाटकाजवळच्या बाकावर. मांडीवर बाळ, पायाशी एक पिशवी. मी समोरून निघून गेले. बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, दार उघडलं, लोक चढले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, येताय की नाही?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते विचारू नकोस. कसलाही आवाज ऐकू आला नाही, वचन आठवलं नाही, अंगावर काटा आला नाही. पाय दुखत होते आणि बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी नाही म्हटलं आणि परत फिरले. बाकावर तिच्या शेजारी टेकले.

"कुठे जाणार?"

"बघते."

"आईवडील?"

"त्यांनी मला कधीच टाकलंय."

"आणि ते कुठे आहेत?" तुझ्या बाबांविषयी विचारताना तोंडात अजून 'ते'च येतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला हसू आलं. बाकावर दोन बायका, माणूस एकच, आणि पत्ता दोघींनाही ठाऊक नाही! मी हसले तशी ती रडायला लागली. मग बाळही रडायला लागलं.

"मी तुमच्याकडे येणार नाही, काकू," ती म्हणाली.

"मी कुठे बोलावलंय? बाळ गारठलंय. ऊठ."

इतकंच झालं. यात पुण्य कुठे असलंच तर ते बस ड्रायव्हरचं. त्याने विचारलं नसतं तर मी चढले असते.

आजीला मी सांगितलं, हॉस्पिटलातली बाळंतीण आहे. आजीने तिला वरून खाली पाहिलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाळंतिणी पुष्कळ असतात. तू हीच आणलीस. मी बहिरी आहे, वेडी नाही." मग तीन दिवस आतल्या खोलीकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी बाळाला आंघोळ कशी घालू नये, हे सांगायला गेली, आणि तिथेच बसली.

तू म्हणालीस, ती घरात असेपर्यंत तुझं पाऊल या घरात पडणार नाही. तुझा राग खरा आहे. बाबा गेले तेव्हा तुझी परीक्षा चालू होती आणि तू रडली नव्हतीस, तेही माझ्या लक्षात आहे. मी तुला 'राग सोड' असं म्हणणार नाही. फक्त तिला कुठे घालवू, ते सांग. ठिकाण सुचलं तर पत्ता लिहून पाठव. मी स्वतः पोचवून येईन.

तुझी आई


रविवार, २१ डिसेंबर

प्रिय मनी,

पत्ता आला नाही. येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक असणार.

तुझे बाबा आज आले होते. त्याविषयी लिहायचं आहे, पण ओळीने लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ उडेल.

आधी घरातलं. आमचं गोडीगुलाबीने चाललंय असं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. ती आभार मानत नाही. नळ उघडा ठेवते. तिला धड भाजी चिरता येत नाही. तीन बोटं आणि सुरी यांची मारामारी चाललेली असते. एकदा मी ओरडले तर म्हणाली, "मी मागून आले नव्हते तुमच्याकडे." मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याकडे आली होतीस." त्यानंतर दोन दिवस आम्ही आजीमार्फत बोललो, आणि आजीला ऐकू येत नाही, म्हणजे तू कल्पना कर.

लंगोट धुण्याचं काम माझ्याकडे आहे. तिला अजून वाकवत नाही. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी आणि घरी आल्यावर हे. परवा हात पाण्यात असताना मनात आलं, आपण येशूच्या जन्माची इतकी गाणी गातो, त्यांत तारा आहे, देवदूत आहेत, मेंढपाळ आहेत, लंगोट कुणी धुतले ते एकाही गाण्यात नाही. देव जगात आला म्हणजे मरीयेचं काम वाढलं, एवढं नक्की. तो वाजतगाजत आला असता तर आपण सगळेच उठून उभे राहिलो असतो. तो रडत येतो, आणि आपल्याला सकाळी कामावर जायचं असतं. म्हणून ओळख पटत नाही. आणि पटली तरी आनंद होतोच असं नाही. मला तर अजून झालेला नाही. पाठ दुखते.

चर्चच्या मंडळीत कुजबुज आहेच. गायनमंडळातल्या बाईंनी बाक बदलला. पाळकसाहेब मात्र स्वतः पाळणा घेऊन आले, त्यांच्या भाच्याचा जुना. खिळा सैल होता, तो ठोकून दिला. मग घुटमळत म्हणाले, "नाताळच्या उपदेशात तुमच्या घरातलं हे... नाव न घेता, अर्थात..."

मी म्हटलं, "नको. ती त्या दिवशी बाकावर बसलेली असेल. तिला दृष्टान्त करू नका, पाळकसाहेब. नुसती बसू द्या."

त्यांचा चेहरा उतरला. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. म्हणाले, "खरंय. माझं चुकलं."

आता बाबा.

उपासनेहून आम्ही दोघी परत आलो, आजी आणि मी. ते जिन्यात बसले होते. केस बरेच पिकलेत. शर्टाचं एक बटण नव्हतं आणि माझी नजर आधी तिथेच गेली, हे मला मागाहून फार लागलं. आजीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. आंधळं माणूस चाचपतं तसा. तिला दिसतं तरी.

आत आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "माझं चुकलं. मला घरी यायचंय."

मने, हे शब्द ऐकायला मिळावेत म्हणून मी तीन वर्षं प्रार्थना केली. गुडघे दुखेपर्यंत. शब्द आले, हुबेहूब तेच, आणि माझ्या मनात आलं, आता चहा टाकायला उठावं लागणार.

तेवढ्यात आत बाळ रडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती इथे आहे?"

"मग कुठे असेल?"

"मला वाटलं, आईवडिलांकडे गेली असेल." मग, छापखान्यात कामाची वाटणी करायचे त्या आवाजात म्हणाले, "हे बघ, असं चालणार नाही. दोघी एका घरात कशा राहाल? लोक काय म्हणतील? मी तिला तिच्या गावी पोचवतो. समजूत घालतो तिच्या वडिलांची. मग आपण पहिल्यासारखे राहू. मनीसुद्धा येईल परत."

तुझं नाव त्यांनी बरोबर जागी घेतलं. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं दिसलं. तू येशील, आजीला मुलगा मिळेल, मंडळीत लोक म्हणतील, प्रभूने घर पुन्हा उभं केलं. गायनमंडळातल्या बाई आपल्या बाकावर परत येतील. सगळ्यांचं भलं. फक्त एका पोरीला आणि तान्ह्या जिवाला दाराबाहेर काढायचं.

ती बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाबांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "सामान आवर."

मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

आणि ती खरंच आवरायला वळली. माझ्याकडे बघून गयावया केली असती, भांडली असती, तर कदाचित मी गप्प बसले असते. ती नुसती वळली. इतकं काही आपल्याला मिळायचंच नव्हतं, हे ती आधीच धरून चालली होती.

मी म्हटलं, "थांब गं."

मग त्यांना म्हटलं, "अहो, मी तुम्हाला क्षमा केली आहे. मनापासून. कधी केली ते माझं मलाही कळलं नाही, चादरी शिवता शिवता झाली असेल. पण तिला बाहेर काढून त्या जागी तुम्हाला घेणार नाही."

"मी नवरा आहे तुझा."

"आहात ना."

"मग?"

"मग काही नाही. रविवारी येत जा. आईंना भेटा. मुलगी आहे तुमची ती, मुलगी झालीय, तिला मांडीवर घ्या. तिला काय हवं नको ते बघा. वर्षभर असं येऊन दाखवा. मग बोलू."

"एवढी कठोर कधी झालीस तू?"

मला कठोर वाटत नव्हतं. मला फक्त झोप येत होती.

ते आजीकडे वळले. "आई, तू तरी सांग हिला." ते अगदी लहान मुलासारखे म्हणाले. मला वाटलं, आता संपलं. म्हातारीचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षं ती जिन्यातल्या प्रत्येक पावलाला कान देत बसली होती, तेही कान गेलेले असताना.

आजी म्हणाली, "तू माझा मुलगा आहेस. पण तू गेलास तेव्हा मला पाणी हिने दिलं. ही म्हणेल तसं. आता जेवून जा."

ते जेवले. मी वाढलं. जाताना त्यांनी बाळाकडे एकदा पाहिलं, बाहेरच्या खिडकीतून आत डोकावावं तसं.

ते गेल्यापासून आजी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवली नाही. मी तिला तिचा मुलगा दुसऱ्यांदा गमावायला लावला की काय, हे माझ्या मनातून जात नाही. मी बरोबर केलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. संध्याकाळी पाळकसाहेब आले होते. बाबा इथून निघून त्यांच्याकडे जाऊन बसले होते म्हणे. पाळकसाहेब म्हणाले, समेट ही प्रभूची इच्छा असते. मी म्हटलं, "असेलच. पण ज्या समेटासाठी एकीला तान्ह्या मुलीसकट बाहेर जावं लागतं, तो कुणाच्या इच्छेचा?" ते म्हणाले, "बाई, मला माहीत नाही. माझं लग्न होऊन अजून वर्ष झालं नाही." त्या उत्तराचा मला फार आधार वाटला. खरंच.

तू रागावशील. बाबा परत येत होते आणि आईनेच दार अडवलं. रागाव. पण तिच्यासाठी मी तुला मागे सारलं असं समजू नकोस. माझ्या खाटेवर दोघी मावतो, तू लहान असताना मावायचो तशा. नाताळला चार दिवस आहेत.

तुझी आई


शुक्रवार, २ जानेवारी

प्रिय मनी,

तू आली नाहीस. मी शेवटच्या गाडीपर्यंत वाट बघितली, असं मुळीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती म्हणून झोपले. पण दाराची कडी लावली नव्हती.

नाताळच्या उपासनेला आम्ही सगळ्या गेलो. आजी, मी, ती आणि बाळ. आजी अजून मला तुटक उत्तरं देते, पण त्या दिवशी उपासनामंदिरात शिरताना तिने जो हात धरला तो सोडला नाही. कुणाचा हात धरला ते लिहायचं राहिलं. आजीने तिचा हात धरला. माझा नव्हे.

बाळाने उपासना गाजवली. पहिल्या गीतापासून जे तोंड उघडलं ते उघडंच. तिने उठून बाहेर जायचा प्रयत्न केला, आजीने पदराला धरून खाली बसवलं. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा थांबले, कागद मिटले आणि म्हणाले, "रडू दे. आपण सगळे थोडा वेळ ऐकू या." बाकी काही म्हणाले नाहीत. कुणाचा उल्लेख नाही, दृष्टान्त नाही. आम्ही सगळे बसून एका बाळाचं रडणं ऐकत राहिलो. आधी लोक चुळबुळले, मग शांत झाले. गायनमंडळातल्या बाईंनी रुमाल काढला. सर्दी असेल.

मी त्या वेळी काय विचार करत होते, सांगू? मी विचार करत होते की माझा विश्वास काही फार मोठा नाही. मला दर्शन झालं नाही, शांती मिळाली नाही, तिच्यावर माया जडली असंही अजून म्हणवत नाही. सवय झाली आहे. पण सकाळी उठते, पाणी तापवते, तिला आधी देते. उद्याही देईन. प्रभू याला काय म्हणतो मला ठाऊक नाही. माझ्याजवळ आहे ते एवढंच, आणि ते रोज थोडंथोडं द्यावं लागतं, एकदम देऊन मोकळं होता येत नाही.

रविवारी बाबा आले. खरंच आले. हातात लंगोटांचं पाकीट, ते वर्षाच्या मुलाला होतील असे. पाटावर बसून बाळाला मांडीवर घेतलं, तापलेलं पातेलं धरावं तसं. तिने त्यांच्या शर्टावर दूध ओकलं. आजी पोटभर हसली, किती दिवसांनी. जाताना ते बाळाच्या आईला काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "मला नका सांगू. पुढच्या रविवारी या." माझेच शब्द! मी भांडी घासत होते, मान वर केली नाही. पुढच्या रविवारी येतील की नाही देव जाणे. भरवसा आहे असं म्हणणार नाही. आले तर दार उघडेन.

आणि ती मला आता काकू म्हणत नाही. आजीने तिला झापलं, "हिचा आणि तुझा नवरा एकच, मग ही तुझी काकू कशी?" ती कसनुशी झाली. "मग काय म्हणू?" आजी म्हणाली, "नातं उलगडत बसलीस तर वेड लागेल. ताई म्हण." म्हणून ताई. नळ अजून उघडाच ठेवते.

काल संध्याकाळी फोनवर तुझा निरोप आला. ना नमस्कार, ना खुशाली. एकच ओळ. "ती माझ्यासारखी दिसते का?"

मी रात्रीची भाजी करपवली. आज दिवसभर मशीनवर बसून त्या ओळीला उत्तरं शिवत होते. एकदा ठरवलं, लिहावं की छे, कुठे तू आणि कुठे ती. तुला बरं वाटेल. मग ठरवलं, लिहावं की एवढ्याशा बाळाचं काय कळतं, सगळी सारखीच. त्यात कुणालाच काही वाटणार नाही. पण तू हे विचारायला किती दिवस घेतले असतील, ओळ किती वेळा लिहून पुसली असशील, ते मला दिसत होतं. तुला असलं उत्तर देणं बरं नव्हे.

होय, दिसते.

हनुवटी तुझी आहे. उजव्या कानाची पाळी चिकटलेली आहे, तुझ्यासारखी. रडण्याआधी खालचा ओठ बाहेर काढून थोडा वेळ विचार करते, रडावं की नाही याचा, तसं तू करायचीस. झोपेत मूठ गालाखाली घेते. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला राग आला होता. ते सगळं तुझं होतं, माझ्या घरातलं होतं, आणि न विचारता दुसरीकडे गेलं होतं. आता येता-जाता बघते. बघितल्यावर दिवस थोडा सोपा जातो. त्यावर तुझ्याशी भांडायची माझी तयारी आहे, पण समोर बसून.

तू तिची ताई आहेस. हे मी जुळवून आणलेलं नाही, आणि तुझ्या किंवा माझ्या रागाने ते बदलणारही नाही. तिला उचलून घे, माया कर, असं मी म्हणत नाही. एकदा ये आणि बघून जा. लांबून बघितलंस तरी चालेल.

गाडीची वेळ कळव. मला बहुतेक सुट्टी मिळणार नाही, जोडीची बाई अजून आलेली नाही. मी नसले तर ती येईल स्टेशनवर तुला घ्यायला. तिला तू कधी नीट पाहिलेलं नाहीस, पण काळजी करू नकोस. बाळ तिच्या कुशीत असेल. ओळखायला अडचण येणार नाही.

तुझी आई